अर्जातली विळी

३ डिसेंबर १९५३

जगाच्या इतिहासात पुष्कळ जुलूम झाले. त्यांत आमच्या इमारतीतल्या टपालपेटीची नोंद कोणी केलेली नाही, म्हणून मी करून ठेवतो. अंधेरीतल्या या दुमजली इमारतीत आठ भाडेकरू. गेल्या महिन्यापर्यंत पोस्टमन आठ दारांशी येऊन आठ वेळा ओरडत असे. घरमालकांना हे रानटी वाटलं. त्यांनी जिन्याखाली एक लाकडी पेटी ठोकली, तिला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली एकच करवली. ती किल्ली त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे प्रेमावहिनींच्या, कमरेला असते. मी कचेरीतून साडेसहाला येतो. वहिनी सहाला देवळात जातात. किल्लीही देवदर्शनाला जाते. तोवर माझं पत्र फळीच्या फटीतून मला एक कोपरा दाखवत बसतं आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून त्या कोपऱ्याकडे पाहतो. आठ भाडेकरूंच्या टपालाची बातमी आधी देवाला, मग वहिनींना आणि उरलीसुरली आम्हाला.

आज वहिनी परतल्या, पेटी उघडली आणि एक खाकी पाकीट दोन्ही बाजूंनी नीट पाहून माझ्या हातात दिलं.

"तिकडचं दिसतंय."

"विम्याचं असेल," मी म्हटलं.

"विम्याचं पाकीट पांढरं असतं ना हो, भावजी."

विमा कंपनीत अठरा वर्षं पत्रव्यवहार केला मी, आणि पाकिटांचे रंग मला या बाईंनी सांगावेत!

पाकीट फोडलेलं नाही. साप्ताहिकातलं माझं विनोदी पान परवा द्यायचं आहे. आधी टपालपेटीवर लेख.

८ डिसेंबर

लेख दिला. मग फोडायला काही अडचण उरली नाही.

'तिकडे' म्हणजे वेड्यांचं सरकारी इस्पितळ. आमच्या घरात त्या जागेचं नाव घेत नाहीत. 'आमच्या घरात' हा शब्दप्रयोग जरा मोठा झाला. घरात मी एकटाच आहे. तरी नाव घेत नाही. माझी धाकटी बहीण उत्तरा तिथे १९४३च्या एप्रिलपासून आहे. साडेदहा वर्षं झाली. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, शाळेत शिकवत होती.

पत्र कोणा नव्या डॉ. जयवंतांचं आहे. 'आपल्या अर्जावरून दाखल झालेल्या रुग्णाविषयी समक्ष बोलावयाचे आहे. विलंब करू नये.' सरकारने आपल्याला विलंब करू नका म्हणावं, यावर एक चुटका सुचला. टिपून ठेवला नाही.

पहिल्या वर्षी मी दर महिन्याला जात होतो. मग सणासुदीला. १९४८नंतर कचेरीत काम वाढलं.

१३ डिसेंबर, रविवार

गेलो.

फाटकाच्या आत वडाखाली बोरिवलीकडून आलेली एक बैलगाडी उभी होती. तिच्यात एक तरणा माणूस, हात धोतराने बांधलेले. म्हातारा बाप शेजारी बसून त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत होता. पहाटे निघाले होते. कोर्टाचा कागद आणला नव्हता, म्हणून आत घेत नव्हते.

डॉ. जयवंत तिशीचे असतील. टेबलावर, खुर्चीवर, खिडकीत, सगळीकडे फायली. मी बैलगाडीकडे बोट दाखवून काहीतरी खोचक बोललो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत डोळ्यांचा डॉक्टर आहे, दातांचा आहे, तबेल्यातल्या म्हशींचासुद्धा आहे. डोक्याचा नाही. तिकडे मुलुंड-घाटकोपरलाही नाही. दोन आठवडे झोप लागत नाही म्हणून माणसाने जायचं कुठे? भगताकडे. तिथे नाही जमलं तर थेट मॅजिस्ट्रेटकडे. मधलं काही आपण बांधलेलंच नाही."

मग त्यांनी एक फाईल काढली. वरचा कागद पिवळा पडून कडांना मऊ झाला होता, पुष्कळ हाताळलेल्या पोथीसारखा.

"हा तुमचाच ना? फार सुंदर लिहिलाय हो."

माझा अर्ज. १९४३चा, इंग्रजीत. त्यांनी त्यातली दोन कलमं मराठी करून मलाच वाचून दाखवली. 'कलम तीन : रात्ररात्र भिंतीशी संभाषण करते आणि भिंतीच्या उत्तरांवर रागावते. कलम चार : गेल्या मंगळवारी शेजारच्या एका सभ्य स्त्रीवर विळी घेऊन धावून गेली, ईश्वराची कृपा आणि दाराचा कोयंडा, या दोहोंमुळे अनर्थ टळला.'

"ईश्वराची कृपा आणि दाराचा कोयंडा!" डॉक्टर म्हणाले. "मी इथे रुजू झालो त्या दिवशी आधीच्या डॉक्टरांनी हा कागद मला दाखवला. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी दाखवला होता. आम्ही चार डॉक्टर, आत सतराशे माणसं. माणूस वाचायला सवड होत नाही. कागद वाचतो."

खरं तेच लिहायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. माझं कुठलंच लिखाण साडेदहा वर्षं टिकलेलं नाही.

मग ते म्हणाले, "जागा नाही. मार्चच्या आत इथले साठ जण दक्षिणेकडच्या एका इस्पितळात हलवायचेत. आगगाडीने दीड दिवस. निवड कशी, तर रुग्ण जुना हवा, धोकादायक हवा आणि त्याच्याकडे कोणी येत नसलं पाहिजे. तुमची बहीण तिन्हीत बसते."

"ती धोकादायक आहे?"

"मला वाटत नाही. या कागदाला वाटतं."

अर्जदार मी, तेव्हा अर्जातलं दुरुस्त करणं माझ्याच हाती. कलम चार खरोखर कसं घडलं याचं प्रतिज्ञापत्र मी द्यायचं. शेजारणीची सही मिळाली तर उत्तम. एक फेब्रुवारीला अभ्यागत मंडळ बसतं, म्हणजे शहरातली पाच बडी माणसं महिन्यातून एकदा इस्पितळ पाहायला येतात; सोडायचं की नाही ते ठरवतात. त्यांच्यापुढे कागद गेला पाहिजे. आणि सोडलं तर घरी न्यायची माझी तयारी पाहिजे.

"आलाच आहात, तर भेटून जा."

"गाडीची वेळ झाली," मी म्हटलं. गाडी दर अर्ध्या तासाला असते.

बाहेर पडताना व्हरांड्यात एक आया उभी होती. कोकणातली, पन्नाशीची, हातात किल्ल्यांचा जुडगा. शेवंती तिचं नाव. "तुमी उत्तराबायचे भाव मां?" मी मान हलवली. "तुमचा तोंड बघूक गावला एकदाचा," ती म्हणाली, आणि उगीचच हसली.

२० डिसेंबर, रविवार

आज भेटलो.

व्हरांड्यातल्या बाकावर ती आधीच येऊन बसली होती. केस कापलेले, अर्धे पिकलेले. मला वाटलं होतं ओळखणार नाही. किंवा ओळखून रडेल. दोन्ही गोष्टींसाठी मी वाक्यं तयार करून नेली होती.

"दादा, जाडा झालास."

"तू वाळलीस."

"असेन. इथे आरसा नाही. तू सांगशील ते खरं धरायचं. पूर्वी सगळ्यांनी तेच केलं."

शेवंती थोड्या अंतरावर उभी राहून छताकडे पाहत होती.

"तुझे लेख वाचते मी," उत्तरा म्हणाली. "रविवारी लोक शेंगदाणे आणतात ना, त्या पुड्यांवर येतात. शेवट कधी मिळत नाही, कागद तिथेच फाटतो. पण तुझा शेवट मला कळतो आधीच. शेवटी कोणाची तरी टोपी उडते."

मी विचारलं, काय काय केलं इथे. ती बाजारहाट सांगावा तशी सांगत गेली. दोन वर्षं विजेचे झटके. मग एक पांढरं औषध, मग ते संपलं तेव्हा काही नाही. "सतरापर्यंतचे पाढे शाबूत आहेत. आईचा चेहरा गेला. तुझ्याकडे फोटो आहे ना?"

"आहे."

"मग ठीक."

मग ती जरा पुढे सरकली. "हे बघ, घरी ने असं मी म्हणत नाही. ती विळी तेवढी काढ. त्या विळीपायी मला शिवणाच्या खोलीत घेत नाहीत, सैपाकघरात घेत नाहीत. कात्री हातात देत नाहीत. साडेदहा वर्षं मी नखं दुसऱ्यांकडून कापून घेते. आणि आता लांब नेणार म्हणतात. तिथे मराठी बोलत नाहीत रे. मी बोलायचं कोणाशी?"

मी म्हटलं, "बघतो."

"बघ," ती म्हणाली. "तू चांगला लिहितोस."

२७ डिसेंबर

प्रतिज्ञापत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा विनोदी झाला. फाडला. दुसरा करुण झाला. तो जास्त वाईट होता. तिसऱ्यात मी भूतदया, कायदा आणि ब्रिटिश राजवट यांची एकत्र खबर घेतली. वाक्यं छान पडली होती. फाडताना जिवावर आलं.

जे झालं ते असं. आई १९४३च्या जानेवारीत गेली. तीन वर्षं उत्तराने तिचं अंथरुणात सगळं केलं. आई गेल्यावर ती झोपेना. उंबऱ्यावर बसून राही. शाळेत जायची बंद झाली. आईचा पाणी प्यायचा तांब्या तिने विहिरीत टाकला. रात्री भिंतीकडे तोंड करून बोलायची. आईची खाट त्या भिंतीला लागून होती. आजारी होती ती, यात खोटं नाही. आमच्या डॉक्टरांनी बाटलीभर झोपेचं औषध दिलं आणि म्हणाले, यापुढे माझं काम नाही, कोर्टाचं आहे. मॅजिस्ट्रेटचा कारकून म्हणाला, नुसतं झोपत नाही, रडते, एवढ्यावर साहेब हुकूम देत नाहीत. काहीतरी ठळक पाहिजे. ठळक लिहिणं हा तर माझा धंदा.

विळी? ती अळू चिरत होती. दार वाजलं म्हणून उठली. दारात प्रेमावहिनी. एवढंच मला आठवतं.

त्याच एप्रिलात घाटकोपरचं एक स्थळ आलं होतं. माणिक नावाची मुलगी. तिचे वडील दोन मेला घर पाहायला यायचे होते. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

२ जानेवारी १९५४

प्रेमावहिनींकडे गेलो. त्या क्षमासाठी, म्हणजे त्यांच्या थोरलीसाठी, रुखवताचे रुमाल भरत होत्या. क्षमाचं मालाडच्या एका घरी ठरलं आहे.

मी म्हटलं, "वहिनी, ती विळीची गोष्ट आठवते?"

"कसली?"

"उत्तरा तुमच्यावर विळी घेऊन धावून आली होती, ती."

वहिनींनी सुई रुमालात टोचून ठेवली. "धावून? माझ्यावर? अहो, ती अळू चिरत होती. दार उघडून मला म्हणाली, या, बसा. विळी होती हातात. हाताला खाज सुटली होती तिच्या, चिंच आहे का विचारत होती. मी चिंच आणून दिली."

"मग तुम्ही सही केलीत ती?"

"इंग्रजीत होतं ते. तुम्ही म्हणालात, वहिनी, इथे सही करा, उत्तराला औषधपाणी मिळेल. मी केली. एवढा शिकलेला माणूस काय खोटं लिहिणार आहे?" मग त्यांनी सुई परत उचलली. "आणि तुमचीही घाई होतीच ना. घाटकोपरचे लोक यायचे होते. घर मोकळं पाहिजे होतं."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"नसेल बाई. मला काय कळतंय? त्यांना शेवटी कळलंच कुठूनतरी. सोयरीकही गेली आणि बहीणही गेली."

वहिनींची स्मरणशक्ती कुजकट आहे.

मी सहीचं विचारलं. त्या तडक नाही म्हणाल्या. "वैशाखात लग्न आहे पोरीचं. मालाडची माणसं जुन्या वळणाची. घरात वेडी बाई येणार, आणि तिला आणायला सही कोणाची, तर मुलीच्या आईची! नाही हो भावजी, तुम्ही रागवा की काही करा."

रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावू?

९ जानेवारी

काही लिहिलं नाही. कचेरीत नऊ नकारपत्रं लिहिली. सगळी बिनचूक.

१२ जानेवारी

उत्तरा आली तर खाट कुठे टाकायची, ते पाहत होतो. त्या भिंतीशी आता माझं पुस्तकांचं कपाट आहे. कपाट हलवलं, भिंतीवर पांढरा चौकोन निघाला. परत जागच्या जागी ठेवलं.

खरं कारण लिहितो. हे पान कोणी वाचणार नाही. मला भीती वाटते. ती वेडी आहे म्हणून नाही. शहाणी आहे म्हणून. रोज सकाळी चहाच्या वेळी समोर बसेल आणि मी काय बोलणार आहे ते तिला आधीच कळेल.

दक्षिणेत गेली तर कळणारही नाही कोणाला. मी भेटायला न जाण्याला तेव्हा अंतराचं कारण होईल. आजवर नुसतं कचेरीचं होतं.

हे लिहिलं, आणि वाचून पाहिलं. खोडत नाही.

१८ जानेवारी

रजा काढून कोर्टात गेलो. प्रतिज्ञापत्र अर्ध्या पानाचं झालं आहे. त्यातला मुख्य भाग इथे उतरवतो : 'ती अळू चिरत होती. दार वाजले म्हणून उठली. विळी हातात राहिली. ती कोणाच्याही अंगावर धावली नाही. हे मला त्या वेळीही माहीत होते.'

शेवटच्या ओळीशी कारकून थांबला. "ही कशाला? उगाच गोत्यात याल. 'आता लक्षात आले' असं घाला."

"नको."

"म्हणजे तेव्हा शपथेवर खोटं लिहिलं होतंत?"

"खोटं म्हणून नव्हतं लिहिलं हो. चांगलं लिहिलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या कारकुनाला डोळ्याने खूण केली : हा पाहा एक.

कचेरीत कळलं तर नोकरीवर येईल का? येईल बहुधा. विमा कंपनीला खोटं प्रतिज्ञापत्र देणाऱ्यांचा फार तिटकारा. त्यांना नकार मीच लिहितो.

२४ जानेवारी, रविवार

दुपारी प्रेमावहिनी वर आल्या. दारातच उभ्या. "तो कागद आणा. वाचून दाखवा आधी. मराठीत. मागच्या वेळी वाचला नव्हता."

मी वाचला. त्यांनी 'चिंच आहे का विचारत होती, मी चिंच आणून दिली' हे खाली त्यांच्या साक्षीत लिहायला लावलं. मग सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

"एक अट आहे. क्षमाचं लग्न लागेपर्यंत उत्तराला खिडकीत, गॅलरीत येऊ देऊ नका. मालाडची माणसं येतील-जातील. चार महिन्यांचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, हो. वाजवी अट आहे. बाईंनी एवढी सही दिली, आपण एवढं नको का पाळायला?

१ फेब्रुवारी

अभ्यागत मंडळ. पाच गृहस्थ, एक लांब टेबल, चहा, बिस्किटं. त्यांच्यातले एक माझं नाव ऐकून म्हणाले, "तुम्हीच का ते? तुमचा तो टपालपेटीचा लेख! आमच्या सूनबाईंनी वाचून दाखवला. काय हसलोय!" मी आभार मानले. मग त्यांनी जुना अर्ज वाचला आणि तेही 'कोयंड्या'शी हसले. मग प्रतिज्ञापत्र वाचलं. तिथे कोणी हसलं नाही. एकाने एवढंच विचारलं, "दोन्ही तुमच्याच हातचं?"

"हो."

"हे दुसरं जरा कोरडं आहे."

उत्तराला आत आणलं. तिला वार विचारला. "सोमवार," ती म्हणाली. "तुम्ही येता त्या सोमवारी सकाळी पेज उशिरा मिळते, आणि चादरी धुतलेल्या असतात." चौघे हसले. पाचवे गृहस्थ बिस्कीट हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले.

नऊ मिनिटं लागली. विळी वगळली. नाव साठांतून निघालं. पुढच्या रविवारी घरी न्यायची परवानगी मिळाली, तीन महिने प्रयोग म्हणून.

बाहेर डॉ. जयवंतांना मी म्हटलं, "बाकी एकोणसाठ?"

"साठच जातील," ते म्हणाले. "आकडा ठरलेला असतो. उद्या कपाटातून दुसरी फाईल काढीन."

७ फेब्रुवारी, रविवार

उत्तरा घरी आली. तिचं सामान म्हणजे एक पिशवी. निघताना वॉर्डातल्या बायका जाळीशी उभ्या होत्या. तिने प्रत्येकीला नावाने हाक मारली. अडतीस नावं. टांगा थांबवून ठेवावा लागला.

घरात पाय ठेवल्यावर तिने विचारलं, "कुठे बसू?"

१६ फेब्रुवारी

नऊ दिवसांत आम्ही मिळून चाळीस-एक वाक्यं बोललो असू. ती आंघोळीला जाताना विचारते, जाऊ का? दाराला आतून कडी घालत नाही. आतली कडी तिला सुचतच नाही. रात्री झोप लागत नाही तिला, फार शांत वाटतं म्हणते. मला अकरा वर्षं तीच शांतता होती. मी तिला झोप म्हणत होतो.

आईचा फोटो दिला. बराच वेळ पाहिला, मग म्हणाली, "ही कोण, ते कळतं. आठवत नाही." फोटो परत दिला.

प्रेमावहिनींची अट मी दुसऱ्याच दिवशी सांगितली होती. "वैशाखापर्यंत? बरं," म्हणाली होती. काल मी कचेरीतून लवकर आलो, सहाच्या आधी, तर गॅलरीत उभी! पातळ वाळत घालत होती. मी खालूनच हातवारे केले.

"दादा, कबूल तू केलंस," ती वरून म्हणाली. "मी नाही."

पेटीशी वहिनी उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. वहिनी म्हणाल्या, "उत्तरा, ते पातळ आतल्या दोरीवर घे गं. त्या कोपऱ्यात कावळे बसतात." आणि किल्ली कमरेला खोवून देवळात गेल्या. इतकंच झालं. मालाडची माणसं त्या वेळी आली असती तर काय झालं असतं, देव जाणे. जाणत असेलच, वहिनी रोज सांगतात त्याला सगळं.

आज जेवताना उत्तरा एकाएकी म्हणाली, "एक विचारू? दिवाळीला तू यायचास, तर फाटकावरूनच का परत जायचास?"

"कोणी सांगितलं?"

"शेवंतीने. दर दिवाळीला. म्हणायची, भाऊ आले होते, घाईत होते, हे ठेवून गेले. रव्याचे लाडू. पाच दिवाळ्या. लाडू जरा कडक असायचे, पण मी म्हटलं, दादाला काय येतंय, कोणाकडून तरी करवून घेतले असतील." ती भात कालवत होती. "मला वाटायचं, लाज वाटत असेल तुला. मग मीही म्हटलं, नको ओढायला त्याला आत."

मी म्हटलं, "हो."

आयुष्यात एवढं लहान वाक्य मी लिहिलेलं नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

उत्तराला काम आहे सांगून निघालो. शेवंती व्हरांड्यात ब्लँकेटं मोजत होती.

मी म्हटलं, "लाडू तुम्ही करत होतात."

ती मोजायची थांबली नाही. "मगे काय सांगू? भाव मेलो म्हणान सांगू? सगळ्या बायलांका कोण ना कोण येय दिवाळीक. हिका कोण नाय. रात्री जेवत नाय ती. मी म्हटलं, चार लाडू जास्त वळले तर हात मोडतले काय माझे?"

मी पाकीट काढायला खिशात हात घातला. ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "ठेवा ता खिशात. लाडवाचे पैशे घेतंय मी काय?"

मी हात बाहेर काढला. उभा राहिलो.

तिने शेवटचं ब्लँकेट ठेवलं आणि व्हरांड्याच्या टोकाकडे हनुवटी केली. बाकावर साठीची एक बाई बसली होती. केस पाणी लावून चापून विंचरलेले, लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवर. "ती रुक्मिणी. मालाडच्या तबेल्याकडची. दर आयतवारी केस इंचरून बसता, भाव येतलो म्हणान. आठ वर्सां झाली, तो काय येणा नाय. पुढच्या आठवड्यात तिका लांब धाडतले. साठात घातल्यानी तिका." मग हळू आवाजात म्हणाली, "तिका धड दिसणा नाय आता. जा, बसा घडीभर."

आधी फाटकाशी परत जाऊन यावं लागलं; तिथल्या पहारेकऱ्याने भेटीची वही पुढे केली. मी माझं नाव लिहिलं. रुग्णाच्या जागी रुक्मिणी. नात्याचा रकाना होता. तिथे 'भाऊ' लिहिलं.

बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिने हात चाचपून माझी बाही धरली.

"आलास?"

"आलो."

तिने बाही सोडली नाही. मग म्हणाली, "चांदी म्हैस गाभण होती. व्याली का रे?"

"व्याली."

"काय झालं?"

"रेडी."

"काळी?"

"काळी. कपाळावर चंद्र आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "दूध लगेच विकू नका. पोरांना द्या आधी."

मी म्हटलं, देऊ. तिने कनवटीचं अर्धं केळं काढलं, सालीसकट, सकाळपासून जपलेलं. माझ्या हातात ठेवलं. मी खाल्लं. चारची घंटा होईपर्यंत आम्ही बसलो. म्हशीला सरकी घालायची, पेंड घालायची नाही, आणि रेडीला उन्हात बांधायचं नाही, हे तिने तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

पाच दिवाळ्या होत्या. त्यांतली एक आज फेडली.